एका क्रियापदाचा हात धरून परक्या भाषेचे व्याकरण कसे शिकावे

परकी भाषा शिकायला घेतली की पहिले काही आठवडे बरे जातात. अभिवादने येतात, आकडे येतात, शेदोनशे शब्द पाठ होतात. मग क्रियापदांचे तक्ते समोर येतात आणि अनेकांचा अभ्यास तिथेच अडतो. शाळेत ‘पठति, पठतः, पठन्ति’ घोकलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असेल की, तीन पुरुष आणि तीन वचने मिळून होणारी ९ रूपे एका दमात म्हणता येतात, पण ‘आम्ही दोघे वाचतो’ एवढे साधे वाक्य रचायचे झाले तर ‘पठावः’ चटकन ओठांवर येत नाही. दोष स्मरणशक्तीचा नसतो. तक्ता ओळीने पाठ होतो. बोलताना मात्र रूप मधूनच, अर्थावरून उचलावे लागते आणि तशी उचलण्याची सवय तक्त्याने लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या महिन्यात तक्ते बाजूला ठेवावेत आणि एकच क्रियापद घेऊन ते सगळीकडून तपासावे. मी ‘वाचणे’ निवडते. ही क्रिया सकर्मक आहे, रोजच्या बोलण्यातली आहे आणि बऱ्याच भाषांत तिची रूपे फारशी वेडीवाकडी नाहीत. वहीच्या डाव्या पानावर मराठीत पुढील वाक्ये लिहावीत: मी पुस्तक वाचते. मी पुस्तक वाचत आहे. मी पुस्तक वाचले. मी पूर्वी पुस्तके वाचत असे. मी पुस्तक वाचीन. मी पुस्तक वाचत नाही. मी पुस्तक वाचले नाही. हे पुस्तक वाच. हे पुस्तक वाचू नकोस. तू हे पुस्तक वाचलेस का? मला पुस्तक वाचायचे आहे. मला वाचता येते. ही १२ वाक्ये झाली. उजवे पान नव्या भाषेसाठी कोरे ठेवावे आणि ते शिक्षकाच्या, पाठ्यपुस्तकाच्या किंवा ती भाषा बोलणाऱ्या परिचिताच्या मदतीने भरून घ्यावे.

उजवे पान भरण्याआधी डाव्या पानाकडे नीट पाहावे, कारण आपण मराठीत काय करतो याकडे आपले सहसा लक्ष नसते. ‘तो पुस्तक वाचतो’ आणि ‘ती पुस्तक वाचते’ यांत क्रियापद वाचणाऱ्याप्रमाणे बदलले. हा कर्तरी प्रयोग. ‘त्याने ग्रंथ वाचला’, ‘त्याने पोथी वाचली’, ‘त्याने पुस्तक वाचले’ यांत वाचणारा तोच आहे, पण क्रियापद वाचल्या गेलेल्या वस्तूप्रमाणे बदलले. हा कर्मणी प्रयोग. ‘तिने मुलाला उठवले’ आणि ‘तिने मुलीला उठवले’ यांत ते कोणाप्रमाणेच बदलले नाही. हा भावे प्रयोग. आता ‘तू पोथी वाचलीस’ हे वाक्य जवळून पाहावे. ‘वाचली’मधील ईकार पोथीमुळे आला आणि शेवटचा ‘स’ तू मुळे. एकाच रूपात कर्म आणि कर्ता दोघांचीही खूण उमटली. हे सारे आपण लहानपणापासून न चुकता बोलत आलो आहोत. ज्याला एवढे जमते त्याला परक्या भाषेची क्रियापदे अवघड वाटण्याचे कारण नाही. फक्त प्रत्येक भाषेला तेच प्रश्न नेमकेपणाने विचारता आले पाहिजेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, क्रियापद कोणाचे ऐकते? हिंदीत ‘उसने किताब पढ़ी’ हे मराठीसारखेच कर्माचे ऐकते. परंतु मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही आणि हिंदीत तो लागतो, त्यामुळे ‘मैंने किताब पढ़ी’ म्हणण्याऐवजी मराठी माणसाच्या तोंडून ‘मैं किताब पढ़ा’ निसटते. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच बांधलेले असते: पुस्तक कोणतेही असो, त्याने वाचले तर ‘ओदिदनु’ आणि तिने वाचले तर ‘ओदिदळु’. बंगालीत लिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. स्त्री असो वा पुरुष, ‘आमि पोड़ि’, ‘तुमि पोड़ो’, ‘शे पोड़े’, आणि आदरार्थी ‘आपनि पोड़ेन’. जपानी क्रियापद तर पुरुष, लिंग, वचन यांपैकी कशाचीच दखल घेत नाही. मी, तू, ते सगळे ‘योमु’. हंगेरियन भाषेत कोणते तरी एक पुस्तक वाचत असेन तर ‘ओल्वॉशोक’ आणि ठरावीक, माहीत असलेले पुस्तक वाचत असेन तर ‘ओल्वॉशोम’ म्हणावे लागते. म्हणजे तिथे कर्माचे लिंग नव्हे, तर त्याचा निश्चितपणा क्रियापदात उतरतो. हा एक प्रश्न नीट सुटला की तक्त्याला किती रकाने लागतील हे आधीच कळते.

याच प्रश्नाला जोडून फ्रेंचमधील एक जागा सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या भाषेत ‘मी पत्र लिहिले’ म्हणताना भूतकाळदर्शक धातुसाधित ‘एक्री’ असे असते आणि ते कर्माप्रमाणे बदलत नाही. पण ‘मी लिहिलेले पत्र’ अशा अर्थाच्या रचनेत पत्र आधी आले की, फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी असल्यामुळे तेच रूप ‘एक्रीत’ होते. फ्रेंच भाषकांनाही ही बाब शाळेत मुद्दाम शिकवावी लागते. कर्मणी प्रयोग अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकाला मात्र त्यात ओळखीचे काहीतरी दिसते.

दुसरा प्रश्न काळाचा. येथे वर्तमान, भूत, भविष्य एवढ्या तीन कप्प्यांवर थांबू नये, कारण खरा घोटाळा भूतकाळाच्या आत होतो. स्पॅनिशमध्ये ‘लेई’ म्हणजे मी वाचले, ती क्रिया झाली आणि संपली. ‘लेईआ’ म्हणजे मी वाचत असे किंवा वाचत होते. आपल्या डाव्या पानावर ‘वाचले’ आणि ‘वाचत असे’ ही दोन्ही वाक्ये मुद्दाम ठेवली आहेत ती यासाठीच. रशियन भाषेत हा भेद धातूपाशीच सुरू होतो: ‘चिताल’ म्हणजे तो वाचत होता, ‘प्रचिताल’ म्हणजे त्याने पूर्ण वाचून काढले. कर्ता स्त्री असेल तर ‘चिताला’. ‘वाचणे’ आणि ‘वाचून काढणे’ ही मराठी जोडी मनात ठेवली तर रशियन क्रियापदांच्या जोड्या तितक्या परक्या वाटत नाहीत, जरी दोन्हींचा वापर सर्वत्र सारखा नसला तरी. तुर्की भाषेत आणखी एक भेद आहे. ‘ओकुदु’ म्हणजे त्याने वाचले आणि ते मला प्रत्यक्ष ठाऊक आहे. ‘ओकुमुश’ म्हणजे त्याने वाचले म्हणे. आपण ज्यासाठी ‘म्हणे’ हा वेगळा शब्द जोडतो ते काम तिथे प्रत्ययाने होते. चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, ‘कान’ हे क्रियापद कोणत्याही काळात बदलत नाही. क्रिया पार पडली की ‘ल’ आणि पूर्वी कधीतरी तसा अनुभव घेतला असेल तर ‘ग्वो’ असे छोटे शब्द पाठोपाठ येतात. रूपे नाहीत म्हणून व्याकरण नाही असा समज करून घेतला तर या छोट्या शब्दांपाशी फसगत होते.

नकाराकडे फार कमी शिकणारे वेळेवर लक्ष देतात. माझ्या मते तो होकाराबरोबर, पहिल्याच दिवशी शिकावा. मराठीत तो किती वेगवेगळ्या रूपांत येतो ते पाहावे: नाही, नाहीस, नाहीत, नव्हता, नको, नये. आपल्या भाषेत ‘वाच’च्या नकारासाठी ‘वाच नाही’ चालत नाही, ‘वाचू नकोस’ असे वेगळेच वळण घ्यावे लागते. मग दुसऱ्या भाषेत होकारी वाक्यात एक शब्द घुसवला की नकार झाला, असे का गृहीत धरावे? स्वाहिलीमध्ये ‘वाचणे’चा धातू ‘सोमा’ आहे. ‘नि-ना-सोमा’ म्हणजे मी वाचते आहे, ‘नि-लि-सोमा’ म्हणजे मी वाचले, ‘नि-ता-सोमा’ म्हणजे मी वाचीन. इतके स्वच्छ तुकडे पडतात की अर्ध्या तासात तिन्ही काळ हाती येतात. पण नकारात ‘मी वाचत नाही’ याला ‘सिसोमी’ म्हणतात, म्हणजे सुरुवात आणि शेवटचा स्वर दोन्ही बदलतात, आणि ‘मी वाचले नाही’ याला ‘सिकुसोमा’, म्हणजे काळाची खूणच वेगळी होते.

असे तुकडे जोडत जाणाऱ्या भाषांची रूपे लांबलचक दिसली तरी घाबरू नये. ती फोडून लिहावीत. तुर्कीतील ‘ओकुयामादिम’ हे रूप घेऊ. ‘ओकु’ म्हणजे वाच, ‘या’ म्हणजे शकणे, ‘मा’ म्हणजे नकार, ‘दि’ म्हणजे भूतकाळ, ‘म’ म्हणजे मी. आपण ‘मी वाचू शकले नाही’ म्हणतो तेव्हा हेच घटक सुटे सुटे मांडतो. वहीत प्रत्येक घटकाखाली मराठी अर्थ लिहावा आणि मग एकेक घटक काढून पाहावा: ‘मा’ काढला की ‘शकणे’चा होकारी भूतकाळ किती बदलतो हे शिक्षकाला विचारावे. तुर्कीत तेथे वेगळाच प्रत्यय येतो, आणि ही विसंगती आपण स्वतः शोधलेली असल्यामुळे कायमची लक्षात राहते.

जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाला तर मोठा ठेवा आयताच मिळालेला असतो. ‘योमु’चे ‘योन्दे’ हे रूप आपल्या ‘वाचून’च्या जवळ जाते. त्याला ‘पाहणे’ या अर्थाचे ‘मिरु’ जोडले की ‘योन्दे मिरु’, म्हणजे वाचून बघणे. ‘ठेवणे’ या अर्थाचे ‘ओकु’ जोडले की ‘योन्दे ओकु’, म्हणजे पुढच्या सोयीसाठी वाचून ठेवणे. ‘शिमाउ’ जोडले की वाचून टाकणे किंवा वाचून संपवणे. इंग्रजीच्या मार्गाने शिकताना ही तिन्ही रूपे स्वतंत्र नियम म्हणून पाठ करावी लागतात. मराठीच्या मार्गाने गेल्यास ती बहुतांशी आधीच कळलेली असतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे हेही दोन्ही भाषांत समान आहे; जगातील भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम सर्वाधिक आढळतो, त्यामुळे मराठीची ही सवय अनेक ठिकाणी उपयोगी पडते. जर्मनमध्ये ती अर्धीच चालते. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी बसते, ‘कारण’सारख्या शब्दाने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात शेवटी जाते, आणि ‘वाचले’ म्हणताना साहाय्यक क्रियापद दुसऱ्या स्थानी तर ‘वाचणे’चे ‘गेलेझेन’ हे रूप अगदी शेवटी. म्हणून जर्मन क्रियापद सुटे कधीच लिहू नये, पूर्ण वाक्यातच लिहावे.

शब्दकोश उघडण्यापूर्वी त्यात क्रियापद कोणत्या रूपात सापडते हे विचारून घ्यावे. मराठीत आपण ‘वाचणे’ शोधतो. अरबी कोशात मूळ अक्षरे पाहावी लागतात आणि क्रियापद ‘त्याने केले’ अशा भूतकाळी रूपाने नोंदलेले असते: क, त, ब या तीन व्यंजनांखाली ‘कतबा’, म्हणजे त्याने लिहिले, आणि त्याच कुळातले कातिब, मक्तूब, किताब.

अनियमित क्रियापदांचा धसका घेण्याचे कारण नाही, पण ती टाळताही येत नाहीत, कारण सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदेच सर्वांत अनियमित असतात. सतत तोंडी असलेली जुनी रूपे झिजत नाहीत, विसरली जात नाहीत. क्वचित वापरली जाणारी क्रियापदे मात्र हळूहळू नियमाला शरण जातात. मराठीतही ‘जा’चे ‘गेला’, ‘ये’चे ‘आला’, ‘कर’चे ‘केला’ असेच होते. तेव्हा असणे, जाणे, येणे, करणे, देणे, घेणे या सहांची तीच १२ वाक्ये तयार करून तोंडी बसवावीत. जपानीत ठळक अनियमित क्रियापदे ‘सुरु’ (करणे) आणि ‘कुरु’ (येणे) ही दोनच आहेत. युरोपीय भाषांत यादी बरीच मोठी असते, आणि ती सगळी एकदम हाती घेऊ नये.

रोजचा सराव वीस मिनिटांचा पुरे. उजवे पान झाकावे, डावीकडचे एक वाक्य मधूनच निवडावे आणि नव्या भाषेत मोठ्याने म्हणावे. नंतर त्याच वाक्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी: मीऐवजी ती, मग भूतकाळ, मग नकार, मग प्रश्न. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कुठे झाली हे कळत नाही. चुकलेले वाक्य खोडून टाकू नये. त्याच्याखाली बरोबर वाक्य लिहून तारीख घालावी. तिसऱ्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा चुकले तर ती निष्काळजी नसून मराठीची सवय आड येत आहे, असे समजावे आणि त्या जागेसाठी वेगळी पाच वाक्ये रचावीत.

महिन्यानंतर तक्ता उघडावा. आता त्यातील निम्म्याहून अधिक रूपे ओळखीची निघतील आणि उरलेल्या रिकाम्या जागा कोणत्या हेही दिसेल. त्या जागांसाठी पुन्हा वाक्येच लिहावीत. दोन भाषा एकाच वेळी शिकत असाल तर दोघींची उजवी पाने समोरासमोर ठेवू नयेत, निदान पहिले सहा महिने. वही वेगळी, वेळ वेगळी आणि शक्य असेल तर क्रियापदही वेगळे: एकीसाठी ‘वाचणे’, दुसरीसाठी ‘लिहिणे’.