सबस्क्रिप्शन सोडण्याआधी फायली सोडवून घ्या

मी पुस्तकांची मांडणी करते. काम कधी रात्र पुरू नये इतकं, कधी महिनाभर काहीच नाही; सॉफ्टवेअरचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातोच. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडचा, म्हणजे दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून सॉफ्टवेअर वापरण्याचा, रस्ता धरला आणि एकदाच पैसे भरून वर्षानुवर्षं वापरायची सोय गेली.

पैशांपेक्षा मला फायलींची काळजी जास्त; सबस्क्रिप्शन संपलं की त्या इनडिझाइनमध्ये, म्हणजे अ‍ॅडोबीच्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडता येत नाहीत. म्हणून सबस्क्रिप्शन चालू असतानाच इनडिझाइनची प्रत्येक पूर्ण झालेली फाइल आयडीएमएलमध्येही (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा फाइल-प्रकारात) एक्सपोर्ट करा. ती अ‍ॅफिनिटी या दुसऱ्या कंपनीच्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण उघडली म्हणजे झालं असं नाही. ओळी सरकल्यात का, तळटीपा जागेवर आहेत का बघा. देवनागरी मजकुरात तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी एकेक पान उलटून तपासा. छपाईची पीडीएफ आणि मूळ चित्रंही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फॉन्टकडे हमखास दुर्लक्ष होतं. सबस्क्रिप्शनसोबत आलेले फॉन्ट ते संपलं की त्याच्याबरोबरच जातात, त्यामुळे दीर्घ चालणाऱ्या कामाला मुक्त परवान्याचा, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येणारा, फॉन्टच निवडा.

हप्ता महिन्याचा दिसला तरी करार वर्षाचा असू शकतो, आणि मध्येच सोडलं तर दंड बसतो. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये आधीच टाका, आणि पुढचं कोटेशन देताना सबस्क्रिप्शनचा खर्च त्यात धरा.