गावात जेवणाचं हॉटेल काढताय? आधी माझी वही वाचा

माझं भोजनालय समुद्रपूर तालुक्यातल्या एका फाट्यावर आहे. मागे साडेतीनशे घरांचं आमचं गाव, पुढून हिंगणघाटकडे जाणारा रस्ता. जून २०२३ मध्ये सुरू केलं आणि सप्टेंबरात, पोळा झाल्यावर, बंद करायचं ठरवलं होतं. बंद झालं नाही ते गावामुळे. पण ‘गावाने साथ दिली’ एवढं ऐकून तुमच्या हाती काही लागणार नाही. साथ कशी मागितली, कुठली घेतली, कुठली नाकारली आणि घेतलेल्या साथीनेच पुन्हा कशी अडचण झाली, ते सांगते. आजूबाजूच्या गावांतल्या बाया विचारायला येतात, त्यांना दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी सुटून जातं.

पहिली चूक महिन्याची. जून हा आमच्याकडे घरातला पैसा बाहेर जायचा महिना. बियाणं, खत, लेकरांची शाळा. कापसाची वेचणी लागते दसरा-दिवाळीच्या सुमाराला, चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हातात येतो त्यानंतर. त्याच्या आधी शेतकऱ्याच्या खिशात जेवणासाठी ७० रुपये निघत नाहीत. त्यात त्या वर्षी अधिक श्रावण आला. १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत दोन महिने श्रावणच. मी कोंबडी आणि अंडाकरीच्या भरवशावर पाटी रंगवली होती, आणि दोन महिने गावातली निम्मी घरं त्याला हात लावेनात. पंचांग बघून मुहूर्त काढला होता. तेच पंचांग आणखी दोन पानं पुढे उलटलं असतं तर हे दिसलं असतं. तुम्ही सुरू करणार असाल तर दसऱ्याला करा.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. आमच्याकडे माणूस स्वतःच्या गावातल्या हॉटेलात चहा पितो, आलुबोंडा खातो, पण जेवायला बसत नाही. शेजारचे काकाजी रोज दुकानासमोरून जायचे. एकदा मीच म्हटलं, या ना जेवायला. ते म्हणाले, “पोरी, मी इथं जेवाले बसलो तर लोक म्हणतीन, घरी बुढीनं चुलीत पानी ओतलं का?” त्यांनी हे अगदी प्रेमाने सांगितलं, पण माझ्या पोटात गोळा आला. मी साडेतीनशे घरांचं गिऱ्हाईक धरून चालले होते. खरं गिऱ्हाईक होतं फाट्यावर उतरणारं: ट्रॅक्टरवाले, गिरडला दर्ग्यावर जाणारे, हिंगणघाटहून ये-जा करणारे मास्तर, बाहेरून आणलेले मजूर. गावातली घरं मला गिऱ्हाईक म्हणून नाही, दुसऱ्याच रूपाने उपयोगी पडणार होती. ते कळायला तीन महिने गेले.

आता वही. एका थाळीचा हिशोब स्वतःच्या हाताने मांडा, दुसऱ्याकडून ऐकू नका. माझी थाळी ७० रुपयांची: तीन पोळ्या, वरण, भात, एक भाजी, चटणी. किराणा, भाजीपाला, तेल, गॅस मिळून तिच्यात ४४ रुपये जात. उरले २६. महिन्याचा बांधील खर्च असा: गाळ्याचं भाडं २,५००, वीज १,२००, हाताखालच्या बाईची मजुरी ६,०००, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता ४,०००. झाले १३,७००, म्हणजे दिवसाला साधारण ४६० रुपये. त्याला २६ ने भागलं की १८ थाळ्या. रोज १८ थाळ्या गेल्या तर मी शून्यावर, आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही. ऑगस्टमध्ये जात होत्या सात, कधी आठ. दिवसाला अडीचशेचा खड्डा, उरलेलं अन्न वेगळं. हा हिशोब सुरू करायच्या आधी मांडायचा असतो. मी मांडला ऑगस्टच्या शेवटी, एका रात्री उरलेलं वरण म्हशीच्या घमेल्यात ओतून आल्यावर.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात बचत गटाची बैठक होती. मी ठरवून गेले होते की सप्टेंबरचा हप्ता जमणार नाही आणि गाळा सोडते आहे, एवढंच सांगायचं. सांगताना आवाज फुटेना, म्हणून वहीच सगळ्यांच्या मधे उघडून ठेवली. बाया एकेक पान बघत होत्या. कुणी बोललं नाही बराच वेळ. मग आमच्या गटातली सगळ्यात वयस्क मावशी म्हणाली, “तू आमाले सांगतलंच नाई वं. आमाले वाटे, चांगलं चालून राह्यलं.”

मी तीन महिने चांगली साडी नेसून, हसतमुखाने गल्ल्यावर बसत होते. गावाला कसं कळणार? नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगते: अडचण लपवू नका. आणि सांगताना नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका, आकडा सांगा. ‘रोज दहा थाळ्या कमी पडतात’ म्हटल्याबरोबर बैठकीतलं बोलणं बदललं. दहा थाळ्या कुठून आणायच्या यावर बाया विचार करायला लागल्या. एकीचा दीर शाळेत शिपाई होता. पाच शिक्षक रोज घरून थंड डबा आणतात, हे तिला माहीत होतं. दुसरीच्या शेतात निंदणाला बाहेरून १२ बाया येणार होत्या, त्यांचं जेवण तिनं मला सांगितलं. गणपती मंडळाच्या पोरांना निरोप गेला, महाप्रसादाचं रांधणं हिलाच द्या. किराणा मंडळाचा, मजुरी मला. गावातली घरं माझ्याकडे जेवायला येणार नव्हती, पण प्रत्येक घराला कुणीतरी जेवणारं ठाऊक होतं.

त्याच बैठकीत कार्डाची कल्पना निघाली. दहा थाळ्यांचं कार्ड, पैसे आगाऊ, ७०० ऐवजी ६५०. स्वतः जेवा, पाहुण्याला पाठवा, नाहीतर घरी डबा न्या. शिंप्याच्या पोरीने जाड कागदावर दहा-दहा चौकोन आखून दिले. आठ दिवसांत २२ घरांनी कार्डं घेतली. १४,३०० रुपये. इतके पैसे एकदम त्या गल्ल्यात कधीच आले नव्हते. मी त्याच दिवशी थकलेला हप्ता भरला, दोन महिन्यांचं भाडं दिलं, किराणावाल्याचं बाकी फेडलं. रात्री शांत झोपले.

ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. ते पैसे माझे नव्हतेच. मी २२० थाळ्या विकल्या होत्या, अजून रांधायच्या होत्या. थाळीला ४४ प्रमाणे ९,६८० रुपयांचा शिधा त्यात होता. माझे होते फक्त ४,६२०. ऑक्टोबरात लोक कार्डं घेऊन यायला लागले. दुकान भरलेलं दिसायचं, गल्ला रिकामा. तेलाचा डबा आणायला मला कानातले गहाण ठेवावे लागले, आणि हे ज्यांनी प्रेमाने कार्डं घेतली त्यांना सांगायची सोयच नव्हती. तुम्ही असे आगाऊ पैसे घेतलेत तर शिध्याचा हिस्सा वेगळ्या डब्यात ठेवा, आणि जितके चौकोन फुलीने भरतील तितकेच पैसे त्यातून काढा. आता मी एका वेळी दहापेक्षा जास्त कार्डं देत नाही.

गर्दीचंही तसंच. ‘सगळे मिळून जाऊ’ म्हणत पहिल्या रविवारी ४१ माणसं आली. भात संपला, पोळ्या लाटायला दोन हात, लोक ताटकळले. त्या दिवशी कुणी रागावलं नाही, कारण सगळे आपले होते. पण त्या गर्दीत फाट्यावर उतरलेली चार परकी माणसं वाट बघून उठून गेली, आणि ती पुन्हा आली नाहीत. मदतीला येणाऱ्यांना वार वाटून द्या. आम्ही नंतर वाडीप्रमाणे दिवस ठरवले.

चवीचं आता सांगते, कारण खरं दुखणं तिथेच होतं. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच रांधणीत आली. माझ्या आलू-वांग्याच्या भाजीत तिने चमचा घातला, उचलला आणि रस्सा चमच्यावरून कसा घसरतो ते बघत राहिली. “पानी येगळं, मसाला येगळा,” ती म्हणाली. मग तिने पदर खोचला. तेल तापलं, त्यात लसूण आणि कांद्याचं वाटण पडलं, मग भाजून वाटलेलं सुकं खोबरं, मग भिवापुरी मिरचीचं तिखट. मी सवयीने पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, उचलला तर तिने माझा हात धरला. आच बारीक केली आणि नुसती हलवत राहिली. मसाला आधी कोरडा दिसला, मग ओला, मग कडेने लाल तेल सुटायला लागलं आणि वास बदलला. तेव्हा कुठे तिने पाणी घातलं, तेही गरम. गॅस वाचावा म्हणून मी मसाला कच्चा असतानाच पाणी ओतायचे. थाळीमागे रुपया-दोन रुपये वाचवायला मी रोजची गिऱ्हाइकं घालवत होते, आणि तोवर कुणी तोंडावर बोललं नव्हतं. आपल्या गावात माणसं अन्नाला नाव ठेवत नाहीत, नुसती परत येत नाहीत. म्हणून एखादं खरं बोलणारं माणूस स्वतःहून बोलावून आणा.

जाता जाता तिने आणखी एक विचारलं, “बाईमाणसानं इथं बसावं कुठं?” माझे सगळे बाक पानठेल्याकडे तोंड करून होते. दिवसभर तिथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटणारी पोरं उभी. कोणती बाई तिकडे तोंड करून जेवेल? गल्ला बाहेर घेतला, बाक आत फिरवले, हात धुवायला आडोशाला नळ लावला. खर्चाला ९०० रुपये लागले. आता बाजाराच्या दिवशी लेकरांना घेऊन बाया जेवायला बसतात.

सगळीच मदत घेण्यासारखी नसते. सप्टेंबरातच दोघा-तिघांनी सुचवलं, संध्याकाळी बुर्जी ठेव, ग्लास ठेव, बाकीचं आम्ही आणतो, महिन्यात कर्ज फिटतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि तरी काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हिशोबाने ते खरं होतं, कर्ज फिटलं असतं. पण ज्या बायांनी वही बघून दहा थाळ्या शोधून दिल्या, त्यांच्या घरात ती बाटली काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. मी नाही म्हटलं, आणि संध्याकाळी आठनंतर शटर खाली ओढायला लागले. तुमच्याकडेही हा प्रस्ताव येईल, अडचणीच्या महिन्यातच येईल. उत्तर आधीच ठरवून ठेवा.

उधारी हाही मदतीचाच एक चेहरा वाटतो. “चुकारा आला का देतो” म्हणणारा माणूस खोटा नसतो. पण चुकाऱ्याच्या पैशावर कृषी केंद्र, सोसायटी आणि लग्न हे आधी रांगेत असतात. मी उधारी फक्त मजुरांच्या जेवणावर ठेवली, तीही शेतमालकाच्या नावे, आठवड्याच्या बोलीवर.

कागदपत्रांत फार जीव घाबरवू नका, पण टाळूही नका. अन्न सुरक्षेची नोंदणी लहान धंद्याला लागतेच. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. ती ऑनलाइन होते. मिळालेला १४ आकडी क्रमांक दर्शनी लावायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे. या दोन्हींसाठी मी एका मध्यस्थाला २,००० रुपये देऊन बसले. गावातल्या सेतू केंद्रातल्या पोराने नंतर दाखवलं की ते घरी बसून होतं. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आधी घ्या. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर दुकानात वापरू नका, व्यावसायिक १९ किलोचंच घ्या. महाग पडतं, पण माझ्या ४४ रुपयांत ते धरलेलं आहे, तुमच्यातही धरा.

आता हंगामात, म्हणजे दसऱ्यापासून होळीपर्यंत, रोज तीसच्या वर थाळ्या जातात. थंडीत रोडग्यांची कामं मिळतात: शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, अशा एका दिवसात आठवड्याचं निघतं. पौषात तुरीचे हिरवे दाणे आले की सोल्यांच्या भाजीसाठी हिंगणघाटहून मास्तर लोक आपली घरची माणसं घेऊन येतात. गटाचं कर्ज गेल्या माघात फिटलं, कानातले त्याआधीच सुटले.

जून-जुलै अजूनही वाईटच जातात. १८ चा आकडा त्या दोन महिन्यांत गाठला जात नाही, तो गाठायचा नादही मी सोडला. त्या दिवसांत सकाळी फक्त तर्री-पोहे आणि दुपारी सांगितलेले डबे, एवढंच ठेवते. हाताखालची बाई तेव्हा पेरणी-निंदणाला जाते, तिला तिथे मजुरी जास्त मिळते. दोन महिन्यांचं भाडं होळीच्या आतच काढून ठेवलेलं असतं, त्याच वेगळ्या डब्यात.