जावाचा हात, गोचं वळण: मुरलेल्या प्रोग्रामरसाठी सराव

दहा-बारा वर्षं जावात काढलेला माणूस गो ही भाषा शिकायला बसला की पहिल्याच आठवड्यात त्याचा प्रोग्राम चालायला लागतो. अडचण तिथेच सुरू होते. कोड कंपाइल होतो, टेस्ट हिरव्या होतात, काम भागतं, आणि आपण अजून जावाच लिहितोय हे सांगणारं कुणी उरत नाही. नवशिक्याला कंपायलर पावलोपावली अडवतो. मुरलेल्याला तो सरळ जाऊ देतो. पुण्यातल्या आमच्या टीमने काही सर्व्हिसेस जावातून गोमध्ये नेल्या, तेव्हापासून नव्याने येणाऱ्या सीनियर मंडळींकडून मी काही सराव करून घेते. माझं म्हणणं एकच असतं: कोड चालला की सराव सुरू होतो, संपत नाही.

भाषा छोटी आहे. अवघे २५ कीवर्ड. त्यामुळे सिन्टॅक्स पाठ करण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न जुना घ्या

सरावाला असा प्रश्न घ्या जो तुम्ही झोपेतही सोडवाल. नवा अल्गोरिदम आणि नवी भाषा एकदम घेतली की डोकं अल्गोरिदमकडे जातं आणि हात जुन्या सवयीने चालतात. मी सगळ्यांना डब्ल्यूसी लिहायला सांगते. फाइलमधल्या ओळी, शब्द आणि बाइट मोजणारी ही युनिक्सची कमांड सगळ्यांनी वापरलेली असते.

पहिल्यांदा मनात येईल तसं लिहा, स्वतःला रोखू नका. जावातून आलेल्यांच्या पहिल्या मसुद्यात बहुतेक वेळा ‘वर्डकाउंटर’ नावाचा इंटरफेस (नुसत्या मेथडची यादी) असतो, त्याखाली ‘वर्डकाउंटरइम्पल’, ऑप्शन्ससाठी बिल्डर, आणि चार फायलींसाठी तीन पॅकेजेस. हा मसुदा जपून ठेवा, कमिट करा.

आता वजाबाकी. ज्या इंटरफेसला एकच इम्प्लिमेंटेशन आहे तो काढा. ज्या कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त फील्ड भरली जातात तो काढा, कारण गोमध्ये स्ट्रक्टची झिरो व्हॅल्यू (काहीच न भरता मिळणारी सुरुवातीची किंमत) कामाची असेल अशीच रचना करतात. गेटर-सेटर काढा. सगळं एका पॅकेजमध्ये आणा. प्रत्येक काढणीनंतर टेस्ट चालवा. शेवटी हाती साधारण हे उरतं: ओळी, शब्द, बाइट अशी तीन इंटिजर फील्ड असलेला एक स्ट्रक्ट, आणि एक फंक्शन जे आयओ.रीडर (ज्यातून बाइट वाचता येतात असं काहीही) घेतं आणि तो स्ट्रक्ट व एरर परत करतं. दोन्ही कमिटमधला डिफ शेजारी शेजारी लावून बघा. पुढचे सगळे सराव याच फंक्शनवर करायचे आहेत.

फाइलचं नाव नको, रीडर हवा

पहिल्या मसुद्यातलं फंक्शन बहुधा फाइलचं नाव घेत असेल. ते बदलून आयओ.रीडर घ्यायला लावा. या इंटरफेसमध्ये एकच मेथड आहे, रीड. मग तेच फंक्शन, आत एक अक्षरही न बदलता, पाच ठिकाणांहून चालवून दाखवा: उघडलेली फाइल, स्टँडर्ड इनपुट, स्ट्रिंग्ज.न्यूरीडरने बनवलेली स्ट्रिंग, जीझिप केलेली फाइल, आणि एचटीटीपी रिस्पॉन्सची बॉडी.

पाचवं जमलं की जावावाल्याला जी गोष्ट सांगून पटत नाही ती हाताला कळते. गोमध्ये ‘इम्प्लिमेंट्स’ असं कुठे लिहायचंच नसतं. टाइपकडे मेथड असली की इंटरफेस आपोआप पूर्ण होतो. त्यामुळे इंटरफेस बनवणाऱ्याच्या दारात न ठेवता वापरणाऱ्याच्या पॅकेजमध्ये ठेवता येतो, तोही गरज दिसल्यावर, आणि एक-दोन मेथडचाच. तुमच्या चालू प्रोजेक्टमधला सात-आठ मेथडचा एखादा इंटरफेस घ्या. त्यातल्या नेमक्या कोणत्या मेथड कोणतं फंक्शन वापरतं याची यादी करा आणि प्रत्येक फंक्शनला तेवढ्यापुरताच इंटरफेस द्या. मॉक (टेस्टसाठीचे नकली भाग) लिहायचं काम निम्म्याहून कमी होतं, हे मी परत परत बघितलं आहे.

डब्ल्यूसीमध्येच एक अडचण मुद्दाम येऊ द्या. पुष्कळ जण बफआयओ.स्कॅनर घेऊन आधी ओळी मोजतात, मग त्याच रीडरवरून शब्द मोजायला जातात, आणि शब्द शून्य येतात. रीडर एकदाच वाचला जातो. शिवाय स्कॅनरला साधारण ६४ केबीहून लांब ओळ झेपत नाही. तो थांबतो, लूप गुपचूप संपतो, आणि लूपनंतर स्कॅनरची एरर तपासली नसेल तर चुकीचा आकडा बरोबर म्हणून छापला जातो. अशी एक लांब ओळीची फाइल स्वतः बनवा आणि हे घडताना पाहा. मग बफआयओ.रीडर आणि रीडरून वापरून एकाच फेरीत तिन्ही मोजा.

एररचं वाक्य मोठ्याने वाचा

‘इफ एर नॉट इक्वल टू निल’ ही एरर आली का ते तपासणारी ओळ पहिल्या दिवसापासून जावावाल्यांच्या डोळ्यांत खुपते. मग कुणी पॅनिक आणि रिकव्हर वापरून घरगुती ट्राय-कॅच उभा करतं, कुणी सगळीकडे नुसतं ‘रिटर्न एर’ लिहून मोकळं होतं. सराव असा: सेटिंगची फाइल उघडा, वाचा, जेसन पार्स करा, एक किंमत तपासा. फसण्याच्या चार जागा. चारही जागा मुद्दाम फसवा आणि टर्मिनलवर येणारा मेसेज मोठ्याने वाचा.

वाचून कळायला हवं की काय करताना, कशावर, काय झालं. ‘लोड कॉन्फिग: ओपन ॲप.जेसन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हे चांगलं वाक्य आहे. यातला ‘ओपन ॲप.जेसन’ हा भाग ओएस.ओपन स्वतःच देतं, म्हणून फाइलचं नाव तुम्ही परत लिहिलंत तर ते दोनदा येईल. ‘फेल्ड टू’ प्रत्येक पायरीवर लावलं तर चार वेळा येईल. मेसेज लहान लिपीत सुरू करायचा आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, कारण तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसणार आहे. आणि एरर एकतर लॉग करा किंवा वर पाठवा. दोन्ही केलंत तर एकच बिघाड लॉगमध्ये चार वेळा दिसतो आणि रात्री फोन आलेल्या माणसाला चार बिघाड शोधत बसावं लागतं.

दुसरा टप्पा: फाइल नसेल तर डीफॉल्ट सेटिंग घ्यायचं, बाकी काही झालं तर थांबायचं. इथे एररमधली अक्षरं तपासू नका; एरर्स.इज वापरा. ते २०१९ मध्ये १.१३ आवृत्तीत आलं, त्याच वेळी पर्सेंट-डब्ल्यूने एरर गुंडाळून पाठवायची सोयही आली. गुंडाळताना मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करा. पर्सेंट-डब्ल्यू लिहिलंत की आतली एरर तुमच्या फंक्शनच्या कराराचा भाग होते आणि उद्या कुणीतरी तिच्यावर अवलंबून राहील. ते नको असेल तर पर्सेंट-व्ही पुरे, ते फक्त एररचा मजकूर घेतं.

‘पुणे’ उलटं लिहा

हा सराव मराठी माणसासाठी खास आहे आणि माझा सगळ्यात आवडता आहे. गोची स्ट्रिंग म्हणजे बाइटची रांग, सहसा यूटीएफ-८ मधली. अक्षरं बाइटमध्ये मांडायची ही पद्धत १९९२ मध्ये केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच तयार केली होती. पुढे रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासोबत गो घडवणारेही हेच दोघे.

‘पुणे’ची लेन्थ विचारा: १२ येईल. रेंजने फिरून रून, म्हणजे युनिकोडमधल्या एकेक खुणा, मोजा: ४ येतील, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे वेगवेगळे रून आहेत आणि देवनागरीचा प्रत्येक रून तीन बाइटचा. वाचणाऱ्याला मात्र दोन अक्षरं दिसतात. रूनचा स्लाइस (यादी) उलटा केलात तर मात्रा सगळ्यात पुढे येऊन लोंबकळते. आता असं फंक्शन लिहा जे ‘पुणे’ला २ म्हणेल आणि ‘नमस्ते’ला ३. युनिकोड.इजमार्कने मात्रा आणि हलन्त ओळखता येतात. हलन्तानंतर आलेलं व्यंजन आधीच्या अक्षरातच धरायचं, म्हणजे ‘स्ते’ एक होतं. मग ‘दऱ्या’सारखे शब्द द्या. काही कीबोर्ड त्यात न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर टाकतात, जो लेटरही नाही आणि मार्कही नाही.

याच सरावाचा दुसरा भाग रोजच्या कामात उपयोगी पडतो. स्ट्रिंग्ज.फील्ड्सफंक वापरून शब्द वेगळे करताना ‘जे लेटर नाही तिथे तोडा’ असं लिहिलं तर इंग्रजी मजकूर बिनचूक तुटतो आणि ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन शब्द होतात, कारण मात्रा लेटर नाही, मार्क आहे. आपल्या भाषेतली नावं, पत्ते, गावं ज्या सिस्टिममधून जाणार आहेत तिथे ही चूक राहता कामा नये. दहा मराठी शब्दांची टेस्ट लिहा, तीही टेबल पद्धतीने: नाव, इनपुट आणि अपेक्षित उत्तर असलेल्या स्ट्रक्टचा एक स्लाइस, त्यावर एक लूप, आत टी.रन. जेयुनिटच्या सवयीने दहा मेथड लिहू नका. नवी केस म्हणजे फक्त एक ओळ, इतकं सोपं झालं की माणूस आपणहून केसेस वाढवतो.

आधी लिहा, मग सोर्स उघडा

गोची स्टँडर्ड लायब्ररी गोमध्येच लिहिलेली आहे आणि बरीचशी वाचनीय आहे. एखाद्या फंक्शनचं फक्त डॉक्युमेंटेशन वाचा, ते स्वतः लिहा, मगच सोर्स उघडा. सुरुवात स्ट्रिंग्ज.कटने करा, ते १.१८ मध्ये आलं. विभाजक सापडला तर आधीचा भाग, नंतरचा भाग आणि ‘ट्रू’. नाहीतर पूर्ण स्ट्रिंग, रिकामी स्ट्रिंग आणि ‘फॉल्स’. मूळ कोड चार-पाच ओळींचा आहे. तुमचा वीस ओळींचा झाला असेल तर प्रत्येक जादा ओळ कुठल्या सवयीतून आली ते तिच्याशेजारी लिहून काढा.

मग सिंक.वन्स घ्या. जावात डबल-चेक्ड लॉकिंग आणि व्होलटाइलशी झुंजलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा आहे: एक फंक्शन कितीही गोरूटीननी (एकाच वेळी चालणाऱ्या हलक्या कामांनी) बोलावलं तरी एकदाच चालावं. पहिला विचार येतो तो अॅटॉमिक कंपेअर-अँड-स्वॅपचा, म्हणजे किंमत तपासून एका झटक्यात बदलण्याचा. सोर्समधल्या कॉमेंटमध्ये नेमका हाच उपाय लिहून तो का चुकतो ते सांगितलं आहे: दुसरा बोलावणारा लगेच परततो, पण पहिल्याचं काम अजून संपलेलं नसतं. कॉमेंट काय सांगण्यासाठी असते हे मी लोकांना याच फाइलवरून दाखवते.

लूपच लिहा

जावातल्या स्ट्रीमची चटक लागलेले लोक १.१८ मधले जेनेरिक्स दिसताच मॅप, फिल्टर, रिड्यूस लिहायला बसतात. सरावापुरतं ते बंद ठेवा. स्ट्रीमच्या साखळीतला एक खरा तुकडा घ्या आणि साध्या फॉर लूपमध्ये लिहा, लवकर बाहेर पडणारे ‘कंटिन्यू’ वर, मुख्य काम डावीकडच्या मार्जिनला. सॉर्ट करणं, शोधणं यांसाठी १.२१ पासून स्लाइसेस पॅकेज आहेच. जुन्या लेखांत लूपच्या आत व्हेरिएबल पुन्हा त्याच नावाने घेतलेलं दिसेल, गो.मॉडमध्ये (प्रोजेक्टची गो आवृत्ती लिहिलेली फाइल) १.२२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्याची गरज उरलेली नाही.

नावांसाठी एकच करा: पॅकेजसकट नाव उच्चारा. ‘यूजर.यूजरसर्व्हिस’ कानाला खटकतं. ‘युटिल’ आणि ‘कॉमन’ ही पॅकेजेस फोडा. ‘गेटनेम’चं ‘नेम’ करा, ‘धिस’ची जागा एक-दोन अक्षरी रिसीव्हरला द्या.

गोरूटीन सगळ्यात शेवटी

सगळ्यांना सुरुवात इथूनच करायची असते, आणि मी ती करू देत नाही. आधी शंभर यूआरएल एकामागून एक तपासणारा साधा प्रोग्राम लिहा. फंक्शन सिंक्रोनसच राहू द्या. जावात फ्यूचर परत करायची सवय असते, इथे एकाच वेळी चालवायचं की नाही हे बोलावणाऱ्याने ठरवायचं. मग ‘गो’ हा कीवर्ड टाइप करण्याआधी त्या ओळीच्या वर दोन गोष्टी लिहा: हा गोरूटीन कधी संपेल, आणि त्याची वाट कोण बघेल. उत्तर लिहिता आलं नाही तर कीवर्ड टाइप करू नका.

एका वेळी दहाच चालतील अशी मर्यादा घाला. पहिली एरर येताच बाकीचे काँटेक्स्टने (थांबण्याचा निरोप पोचवणाऱ्या व्हॅल्यूने) थांबवा. टेस्ट रेस डिटेक्टर (दोन गोरूटीन एकाच डेटावर एकदम हात घालतात का ते पकडणारं साधन) लावून चालवा. मग तोच प्रोग्राम एकदा चॅनेलने (गोरूटीनमध्ये निरोप देणारी वाट) आणि एकदा म्युटेक्सने (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लिहा. साधा काउंटर वाढवायला म्युटेक्स जास्त सरळ वाचतो, आणि कुणी चॅनेलचाच आग्रह धरला तर मी दोन्ही कोड टीममधल्या तिसऱ्याला वाचायला देते.

एकटे शिकत असाल तर एक्झरसिझम या सरावाच्या साइटवर गोचा ट्रॅक आहे, तिथे माणसं फुकट कोड बघून देतात. कोड पाठवण्याआधी गोफम्ट (कोडची मांडणी नीट करणारं) आणि गो व्हेट (संशयास्पद कोड दाखवणारं) चालवा, म्हणजे समोरच्याचा वेळ मोकळ्या जागा दाखवण्यात जाणार नाही. आणि विचारताना ‘बरोबर आहे का’ असं विचारू नका. ‘यातलं जावा कुठे दिसतंय’ असं विचारा. उत्तरं फार नेमकी येतात.

डब्ल्यूसीनंतर मी फाइलमधला मजकूर शोधणारी ग्रेप देते, कारण त्यात रीडर आणि एरर दोन्ही पुन्हा येतात, शिवाय ‘सापडलं नाही’ आणि ‘फाइलच उघडली नाही’ यांचे एक्झिट कोड वेगळे ठेवावे लागतात. त्यानंतर डिरेक्टरीचा आकार मोजणारी डीयू, फाइलपाथ.वॉकडिर वापरून. तिथे कॉलबॅकलाच एरर मिळते आणि परवानगी नसलेल्या एका फोल्डरसाठी सगळी फेरी थांबवायची की पुढे जायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.