सर्व्हिस मेशमध्ये फसलेल्या विनंत्यांसाठी रिट्राय कसे ठरवावेत

सर्व्हिस मेश म्हणजे सेवांमधली आपसातली वाहतूक सांभाळणारा थर, आणि इस्टिओ हे त्यासाठीचे एक सॉफ्टवेअर. इस्टिओमध्ये रिट्रायबद्दल, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवण्याबद्दल, एक अक्षरही लिहिले नसले, तरी रिट्राय चालूच असतात. एचटीटीपी विनंती ठरावीक कारणांनी फसली, तर साइडकार प्रॉक्सी, म्हणजे प्रत्येक सेवेशेजारी बसून तिची वाहतूक हाताळणारा एन्व्हॉय, ती मूलतः आणखी २ वेळा पाठवून पाहतो. त्यामुळे आपले काम रिट्राय सुरू करण्याचे नसून, कोणती विनंती पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे आणि त्यासाठी एकूण किती वेळ खर्च करायचा, हे ठरवण्याचे आहे. आकडे त्यानंतर भरावेत.

म्हणून आधी विनंत्यांची विभागणी करावी. एचटीटीपीच्या गेट (वाचणे), पुट (ठेवणे) आणि डिलीट (पुसणे) या पद्धती व्याख्येनुसार आयडेम्पोटंट आहेत, म्हणजे तीच विनंती दोनदा पोचली तरी सर्व्हरवरचा परिणाम एकदाच झाल्यासारखा राहतो. अर्थात आपल्या सेवेने ही व्याख्या खरोखर पाळली आहे का, हे कोड वाचूनच पाहावे. नवे काही घडवणाऱ्या पोस्ट पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. पैसे वळते करणारी विनंती सर्व्हरने पूर्ण केली आणि फक्त उत्तर वाटेत हरवले, तर प्रॉक्सीला ते अपयशच दिसते आणि तो ती विनंती निःशंकपणे पुन्हा पाठवू शकतो. अशा ठिकाणी सेवा प्रत्येक विनंतीची ओळख पटवणारी किल्ली तपासत नसेल, तर रिट्राय बंद ठेवावेत किंवा अगदी थोड्या कारणांपुरते मर्यादित करावेत.

ही विभागणी व्हर्च्युअल सर्व्हिसमध्ये, म्हणजे विनंत्या कुठे व कशा पाठवायच्या हे सांगणाऱ्या इस्टिओच्या नियमात, उतरवताना पद्धतीनुसार स्वतंत्र रूट (मार्गाचे नियम) लिहावेत. जुळणारा पहिला रूट लागू होत असल्याने विशिष्ट नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवावा. पोस्टच्या रूटमध्ये ‘रिट्राय-ऑन’ची, म्हणजे रिट्राय कोणत्या कारणांनी करायचा याची, यादी ‘कनेक्ट-फेल्युअर’ (जोडणीच न होणे) आणि ‘रिफ्यूज्ड-स्ट्रीम’ (सर्व्हरने विनंती नाकारणे) एवढीच ठेवावी, कारण या दोन्ही प्रसंगी सर्व्हरने विनंतीवर काम सुरू केलेले नसते. रिट्राय पूर्णपणे नको असतील, तर ‘अटेम्प्ट्स’ ० करावे. रिट्रायचा भाग नुसता वगळला, तर मूळचे २ रिट्राय लागू होतात. गेटच्या रूटमध्ये मात्र ५०२, ५०३ आणि ५०४ ही सर्व्हरच्या बाजूच्या अपयशाची उत्तरे सामावून घेणारे ‘गेटवे-एरर’ आणि उत्तराविना तुटलेल्या विनंत्यांसाठीचे ‘रीसेट’ ही कारणे वाढवता येतात.

आता वेळेचा हिशेब, आणि बहुतेक चुका इथेच होतात. ‘अटेम्प्ट्स’ हा आकडा पहिल्या प्रयत्नानंतरच्या रिट्रायांचा असतो. तो २ असेल, तर एकूण प्रयत्न ३ होतात. रूटचा ‘टाइमआउट’ मात्र या सगळ्या प्रयत्नांना मिळून असतो, आणि ‘पर-ट्राय-टाइमआउट’, म्हणजे एका प्रयत्नाची वेळमर्यादा, दिला नाही तर तोही तेवढाच धरला जातो, म्हणजे रेंगाळलेला पहिला प्रयत्नच सगळा वेळ खाऊन टाकतो. एकूण मर्यादा ३ सेकंद असेल, तर प्रत्येक प्रयत्नाला ९०० मिलिसेकंद द्यावेत; तिन्ही मिळून २.७ सेकंद होतात आणि प्रयत्नांमधल्या थांब्यांना, जे इस्टिओ २५ मिलिसेकंदांच्या पायावर स्वतः ठरवतो, पुरेशी जागा उरते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: एका प्रयत्नाची वेळ संपली, तरी ‘रिट्राय-ऑन’मध्ये केवळ ‘कनेक्ट-फेल्युअर’ असेल तर पुढचा प्रयत्न होत नाही. त्यासाठी ‘गेटवे-एरर’ किंवा ‘रीसेट’ यादीत असावे लागते.

रिट्राय एकाच थरात ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. एकापाठोपाठ तीन टप्प्यांची साखळी असेल आणि प्रत्येक टप्प्यावर ३ रिट्राय असतील, तर शेवटची सेवा कोलमडलेली असताना एका मूळ विनंतीमागे तिच्यावर ४ × ४ × ४, म्हणजे ६४ विनंत्या आदळू शकतात. ॲप्लिकेशनच्या एचटीटीपी लायब्ररीतले रिट्राय यात धरलेलेच नाहीत. मेशमध्ये नियम लिहिण्यापूर्वी ते शोधून बंद करावेत. शिवाय डेस्टिनेशन रूलच्या, म्हणजे एखाद्या सेवेकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या मर्यादा ठरवणाऱ्या इस्टिओच्या नियमाच्या, कनेक्शन पूल या भागात ‘मॅक्स-रिट्रायज्’ ही एकाच वेळी चालू असलेल्या रिट्रायांची मर्यादा घालावी, कारण इस्टिओमध्ये ती मूलतः जवळजवळ अमर्याद असते. लिंकरडी या दुसऱ्या सर्व्हिस मेशच्या सर्व्हिस प्रोफाइलमध्ये याच कामासाठी रिट्राय बजेट आहे, मूलतः असे: मूळ विनंत्यांच्या २० टक्के, आणि त्याखेरीज दर सेकंदाला १० रिट्राय.

चाचणीसाठी त्याच व्हर्च्युअल सर्व्हिसमध्ये फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम घातलेले खोटे अपयश, लावू नये. तसे केल्यास त्या रूटवरचे टाइमआउट आणि रिट्राय लागूच होत नाहीत आणि नियम चुकला असा गैरसमज होतो. त्याऐवजी चाचणीच्या सेवेलाच ठरावीक वेळा ५०३ उत्तर द्यायला लावावे आणि तिच्या नोंदींत प्रयत्न मोजावेत. नियम प्रत्यक्ष वापरात आल्यावर ॲक्सेस लॉगमधली ‘यूआरएक्स’ ही खूण, म्हणजे रिट्रायांची मर्यादा संपल्याची नोंद, पाहत राहावे. एकूण रिट्राय आणि यशस्वी रिट्राय यांचे एन्व्हॉयचे वेगवेगळे मोजमापही सुरू करून घ्यावे. पहिला आकडा वाढत असून दुसरा जागचा हलत नसेल, तर ‘अटेम्प्ट्स’ कमी करून अपयशाचे कारण त्या सेवेतच शोधावे.