सुरंगीचा बहर: कळी काढा, फांदी राखा

माघ सरत आला की वेंगुर्ल्याकडच्या वाड्यांत सकाळी दरवळ सुटतो आणि झाड दिसायच्या आधी मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा सुरंगीचा, म्हणजे या सुवासिक फुलांच्या झाडाचा हंगाम. आसोलीसारख्या गावांत या दिवसांत घरची सगळी माणसे कळ्या काढण्यात आणि वळेसर म्हणजे गजरे ओवण्यात गुंतलेली असतात.

सुरंगीचे फूल कोवळ्या शेंड्यावर येत नाही. जून फांदीवर, जुनी पाने गळून गेलेल्या जागी बारीक गाठी असतात, त्यांतून कळ्यांचे झुबके फुटतात. पुढल्या वर्षीही फूल बहुधा त्याच गाठींतून येणार. म्हणून कळ्यांनी लगडलेली फांदी तोडून खाली आणायची आणि अंगणात बसून निवडायची, ही सवय आधी सोडा. त्यात वेळ वाचतो खरा, पण ती फांदी कायमची गेली. आकडीने ओरबाडतानाही साल सोलवटते आणि गाठी मरतात. शिडी खोडाला दोरीने बांधा, कमरेला पिशवी अडकवा आणि कळ्या हातानेच खुडा. झाड खंडाने, म्हणजे ठरीव रकमेला हंगामापुरते दुसऱ्याला दिले असेल तर ‘फांदी तोडायची नाही’ हे पैसे घेण्याआधी बोलून घ्या.

काढणी तांबडे फुटताना सुरू करावी. ऊन चढले की कळी उमलते, पांढऱ्या पाकळ्या गळू लागतात आणि वळेसराला उपयोगी पडत नाही. शिवाय तोवर माश्यांची गर्दी झालेली असते, उंचावर त्यांच्यात हात घालणे धोक्याचे. झाडाखाली जुने लुगडे किंवा स्वच्छ चादर अंथरा, गळलेला मालही वाया जात नाही.

याच दिवसांत शेजारच्या आंब्यावर फवारणी चालू असते. वारा सुरंगीकडे वाहत असेल तर पंप बंद ठेवा. तिथे माश्या चरत असतात, आणि हे फूल बायका केसांत माळतात, देवाला वाहतात. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

ओल्या कळ्यांचा बाजार पडला तर माल फेकू नका. सावलीत, पातळ थरात, रोज हलवत सुकवा. बकुळीसारखाच सुरंगीचा वासही सुकल्यावर टिकतो, म्हणून तर आपल्या आज्या वाळलेला वळेसर लुगड्यांच्या घडीत ठेवत. सुक्या कळ्यांना लाल नागकेशर म्हणून मागणी असते, रेशीम रंगवायलाही त्या वापरत आले आहेत. ढिगात ओल राहिली तर मात्र बुरशी धरते.

बहर आटोपला की झाडाभोवतीचा सुका पाला बुंध्यापासून दूर ओढा आणि रानकडेला जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी काढा. शिमग्यानंतरचा वणवा साल भाजतो, आणि जून झाड एकदा भाजले की ते सावरायला फार वर्षे जातात.

नवी लागवड करायची तर कलमच घ्या. बियांचे झाड फुलावर यायला बरीच वर्षे घेते, आणि ते नर निघेल की फळ धरणारे हे पहिल्या बहरापर्यंत कळत नाही. ज्या झाडाची कळी भरगच्च आणि वास दाट, त्याला आत्ताच, बहरात असताना, रंगाची खूण करून ठेवा. कलमाच्या काड्या त्याच झाडाच्या घ्यायच्या. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या, अंतर पंचवीस फूट ठेवा, आणि पावसाने जमीन नीट भिजली की लागवड करा. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात आळ्यात पाल्याचे जाड आच्छादन आणि आठवड्याला दोनदा पाणी लागेल.