जुने कागद ग्रंथालयाला देताना आणि तिथं बसून वाचताना : या चुका टाळा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रहाचा विभाग असतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पोथ्या, हस्तलिखितं, घराण्यांची दफ्तरं, पत्रं, जुने नकाशे, दुर्मीळ पुस्तकं, असं जे उघड्या कपाटात ठेवता येत नाही आणि घरी न्यायला देता येत नाही, ते तिथं असतं. अशाच एका विभागात मी 19 वर्षं काम करते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांमधून येणारे कागद माझ्या हातून जातात. गणपती झाले आणि मे महिन्याची सुट्टी संपली की कागदांचे फोन सुरू होतात, आणि त्यांच्यासोबत त्याच त्या चुका. या कागदांना दुसरी प्रत नसते, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

देण्याआधी साफसफाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं आणि ती करणारी माणसं नेहमी चांगल्या मनाची असतात.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका जुन्या खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरातून फोन आला होता. माळ्यावर दोन पेट्या आहेत, घ्याल का? श्रावणात जाऊन मी बघून आले. लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेली बासनं होती, एकावर एक रचलेली. एका रुमालाच्या कोपऱ्यावर शाईनं मोडी लिपीत गावाचं नाव आणि सन लिहिलेलं दिसत होतं, काहींच्या दोरीला चिठ्ठ्या होत्या. मी सांगितलं, हात लावू नका, गणपती झाले की गाडी घेऊन येते.

गेले तेव्हा मुंबईची मंडळी येऊन गेली होती आणि सगळ्यांनी मिळून पेट्या साफ केल्या होत्या. रुमाल सोडून कागद झटकले होते. मोठे मोठ्यांत, छोटे छोट्यांत, असे आकाराप्रमाणे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले होते. शिक्का असलेले नऊ कागद झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केले होते. वाळवी लागलेल्या किर्दी-खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, न्हाणीघराच्या चुलीत गेल्या होत्या. आणि सगळ्यात वर रुमाल, मशीनमध्ये धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घड्या घातलेले. "मॅडम, तुम्ही आलात तेव्हा किती धूळ होती, आता बघा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन दिवस राबून ते केलं होतं. मला बोलायला शब्द सुचेना.

रुमाल म्हणजे नुसतं फडकं नव्हे. खोताच्या कारकुनानं एका वादाचे कागद एका रुमालात बांधलेले असतात: तक्रार, उत्तर, साक्षी, निकाल, मध्येच कुणाची खाजगी चिठ्ठी. पत्रात लिहिलेलं असतं, "मागील पत्री लिहिल्याप्रमाणे". ते मागील पत्र शंभर वर्षं त्याच्याच खाली पडून होतं. रुमाल सुटला आणि कागद आकाराप्रमाणे लागले की ते कुठलं, हे सांगणारं कुणी राहत नाही. निम्म्या कागदांवर गावाचं नावही नसतं, कारण रुमालावर होतं.

मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण अजून कुणाच्या हातून हे झालं असेल तर सगळं संपलं असं समजू नये. कागद पोखरणारी कसर एका पानावर थांबत नाही, ती गठ्ठ्यातून आरपार जाते. त्यामुळे एकमेकांवर पडून असलेल्या कागदांना एकाच जागी, एकाच आकाराची भोकं असतात. खालच्या कागदाकडे जाताना भोक थोडं थोडं सरकतं, लहान-मोठं होतं. मी खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर दोन-दोन कागद ठेवून भोकं जुळवत बसले. घड्यांच्या रेघा जुळवल्या, ओलीचे डाग जुळवले. पावसाळ्यात कधीतरी छप्पर गळलं असणार. त्या एका डागाची कड 23 कागदांवरून उतरत गेलेली सापडली आणि त्या डागानं एक अख्खा वाद पुन्हा एकत्र आणला. सहा महिन्यांत चार रुमाल जुळले. बाकीचे कागद आजही सुटेच आहेत.

लॅमिनेशनचं काहीही करता आलं नाही. तापलेल्या प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतो, प्लास्टिक ओढलं की कागदाचा पृष्ठभागही सोबत येतो. टिकावं म्हणून लोक लॅमिनेट करतात आणि तिथंच त्या कागदाच्या दुरुस्तीचा रस्ता कायमचा बंद होतो.

चुलीत गेलेल्या खतावण्यांचं दुःख मला लॅमिनेट झालेल्या त्या शिक्क्याच्या कागदांपेक्षा, म्हणजे सनदांपेक्षा, जास्त आहे. सनदांच्या नकला, नोंदी सरकारी दफ्तरांत सापडू शकतात. घरच्या किर्दीची नक्कल कुठंच नसते. त्या घरातलं एकच पान बचावलं, कारण ते डब्याच्या तळाला घातलेलं होतं. सुपारी, तांदूळ, आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी, छप्पर शाकारण्याची मजुरी, मुंबईहून आलेली मनीऑर्डर, आणि एका नावापुढे "बोटीचे भाडे". कोकण रेल्वे अख्ख्या मार्गावर धावू लागली ती 1998 साली. त्याआधी कित्येक पिढ्यांचा मुंबईचा रस्ता समुद्रातून होता. कोण कधी गेलं, घरी काय पाठवलं, भात कमी पडलं त्या वर्षी काय विकलं, हे फक्त अशा पानांत असतं. हिशेबाची वही कंटाळवाणी दिसते म्हणून टाकू नका. देण्याजोगं काय आणि न देण्याजोगं काय हे घरी ठरवू नका, आम्हाला बघू द्या.

माझी पद्धत साधी आहे. पेटी उघडल्यावर आधी मोबाइलनं फोटो, जशी आहे तशी. मग प्रत्येक बासन बाहेर काढताना त्याचा फोटो, आणि वेगळ्या चिटोऱ्यावर पेन्सिलनं आकडा. दोरी सोडायची नाही. जुना रुमाल फाटला असेल तर तो तसाच ठेवून वरून धुतलेलं, कोरडं मांजरपाट गुंडाळायचं. यापलीकडे घरच्यांनी काहीही करण्याची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात. सेलोटेप लावू नका. तिचा गोंद कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. रबर बांधू नका, आमच्या हवेत ते विरघळून चिकटतं. डांबराच्या गोळ्या घालू नका. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. स्कॅन केलं म्हणून मूळ कागद टाकू नका. आणि पेटी जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका. पाट किंवा विटा ठेवून वर घ्या, कारण वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच चढतात.

भिजलेले कागद उन्हात टाकू नका

जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी भरलं, तेव्हा किती घरांतले कागद गेले याला हिशेब नाही. पाणी उतरल्यावर लोकांनी जे केलं ते साहजिक होतं: पानं सुटी करायला ओढली, ऊन पडलं तसं अंगणात टाकली. ओला कागद ओढला की फाटतो, उन्हात टाकला की आक्रसून ठिसूळ होतो. बोरूनं लिहिलेली जुनी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची असते. ती उजेडानं उडत नाही, पण पाण्यानं सुटते. ओल्या कागदावर बोट फिरवलं की अक्षर गेलंच.

गठ्ठा गठ्ठाच राहू द्या. घरात, पंख्याखाली, जुन्या सुती धोतरावर किंवा टिपकागदावर ठेवा, आणि खालचं कापड सारखं बदला. छापील वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई लागते. दोन दिवसांत वाळणार नसेल तर बुरशी धरणारच. अशा वेळी गठ्ठा पिशवीत घालून सरळ डीप फ्रीझरमध्ये ठेवा. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तज्ज्ञाकडे नेईपर्यंत वेळ मिळतो. मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये वेगळा कप्पा करून ठेवलेली एक वंशावळ आमच्याकडे सुखरूप आली.

दानपत्र न करता देऊ नका

"तुमच्यावर विश्वास आहे, सही कशाला?" असं म्हणून पेटी ठेवून जाणारे खूप. मी ती घेत नाही. चार वर्षांनी पुण्याचा पुतण्या येतो, म्हणतो, आमच्या हिश्शाचे कागद परत द्या. दानपत्रावर काय दिलं त्याची यादी, सगळ्या वारसांची संमती, कुणाला बघू द्यायचं, काही पत्रं ठराविक वर्षं बंद ठेवायची का, ग्रंथालयाला नको असलेलं परत करायचं की दुसरीकडे द्यायचं, हे सगळं लिहून घ्या. एक प्रत तुमच्याकडे ठेवा.

कोकणात एक भीती सगळीकडे आहे: कागद दिले तर जमीन जाईल. खोती 1949 च्या कायद्यानं संपली, वाद मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे भीती समजते. संग्रहात कागद दिल्यानं महसुली नोंद बदलत नाही. तरीही दावा चालू असेल, किंवा लागण्याची शक्यता असेल, तर ते कागद आत्ता देऊ नका, वकिलाला विचारा. आम्ही थांबू.

पत्रांबद्दल एक गैरसमज. तुमच्या आजोबांना कुणा नामवंताचं पत्र आलं असेल तर तो कागद तुमचा, पण मजकुरावरचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा असतो. तुम्ही दान केलंत म्हणून ते कुणालाही छापायला मोकळं होत नाही.

नावाचं स्वतंत्र कपाट मागू नका. संग्रहाला घराण्याचं नाव लागतंच, सूचीत ते कायम राहतं. आणि ठोकळेबाज कादंबऱ्यांची दोनशे पुस्तकं "दुर्मीळ" म्हणून पाठवू नका. ती गावच्या वाचनालयाला द्या, तिथं ती वाचली जातील. घर मोडताना येणाऱ्या जुन्या वस्तूंच्या दलालाला पोथी विकण्याआधी हे लक्षात घ्या की 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि ते परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.

वाचायला येताना

आता अभ्यासकांकडे वळते. इथं माझा राग एका गोष्टीवर आहे: घाई. एक मुलगा सकाळी आला, म्हणाला, देवगडचं जे आहे ते सगळं दाखवा, संध्याकाळची गाडी आहे. विषय विचारला तर "सगळंच". त्यानं दिवसभरात मोबाइलवर 400 फोटो काढले. एकाही फोटोत रुमालाचा क्रमांक नाही. तीन महिन्यांनी फोन: "मॅडम, एका पत्रात जकातीचा उल्लेख आहे, ते कुठल्या रुमालातलं?" मी कसं सांगणार? त्याला पुन्हा यावं लागलं आणि या वेळी तो आठ दिवस राहिला. त्या आठ दिवसांत त्यानं जे वाचलं त्यावर त्याचा प्रबंध उभा आहे.

म्हणून माझ्या टेबलावर मी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवते. रुमाल उघडला की पट्टीवर पेन्सिलनं रुमाल क्रमांक, कागद क्रमांक, तारीख. पट्टी कागदाशेजारी ठेवून पहिला फोटो, मगच बाकीचे. फ्लॅश बंद. पेन बाहेर ठेवायचं. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसायचं. कागदाला पांढरे हातमोजे नकोत, त्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. मोजे फक्त जुनी छायाचित्रं हाताळताना.

मोडी न शिकता येऊ नका. ओळीवर आधी सलग रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही. ते चार दिवसांत येत नाही. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, ते करा, आणि रोज एक पान वाचा. मोबाइलवरचं तयार लिप्यंतर घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवते.

तारखांत तर जाणतेही फसतात. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे हे सगळ्यांना पाठ, पण जानेवारी ते गुढीपाडव्याच्या काळात 79 मिळवावे लागतात हे विसरतं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन नावाची वेगळीच कालगणना असते, तीही अरबी शब्दांत. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1161. हा सन मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागतं तेव्हा, बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. मिरगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मिरगापर्यंत 600. पानिपत 14 जानेवारी 1761 ला झालं, ते याच सनात. सरसकट 599 मिळवणारा ते 1760 मध्ये नेऊन ठेवेल. मी आकडा लिहिताना शेजारी महिना लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचं सगळं आपल्याच जिल्ह्यात असेल असं धरू नका. किनाऱ्याचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. सावंतवाडीचा पोर्तुगिजांशी व्यवहार शोधायचा तर पणजीला जावंच लागतं.

फोटो आणि कॅसेट

दशावतार, नमन, जाखडी या कोकणातल्या लोककलांच्या जुन्या कॅसेट सापडल्या तर "चालतात का बघू" म्हणून लावू नका. फितीवर बुरशी असेल तर ती लावल्यावर घासली जाते आणि आवाजच जातो. तशीच आणा.

फोटोमागे बॉलपेननं लिहू नका, दाबाची रेघ पुढे उमटते. मऊ पेन्सिल, हलका हात, कडेला. आणि नावं आत्ता विचारा, घरातलं सगळ्यात जुनं माणूस आहे तोवर. त्या संगमेश्वरच्या घरात पेटीच्या तळाशी एक फोटो होता, ओटीवर बसलेली चौदा माणसं. आजींचं वय 91. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला, भिंग हातात दिलं. त्यांनी बोट न लावता, एकेकाच्या पागोट्याकडे बघत अकरा नावं सांगितली, कोण कुठल्या वाडीतलं तेही. तिघं ओळखू आली नाहीत. येत्या मे महिन्यात त्यांच्या धाकट्या नणंदबाई बोरिवलीहून येणार आहेत, तेव्हा तो फोटो घेऊन मी पुन्हा जाणार आहे.