हवेलीतलं बोलणारं चित्र: गेम बनवताना या चुका टाळा

खेळाडू दार उघडतो आणि भिंतीवरचं चित्र लगेच बोलायला लागतं. माझ्या मते बिघाडाला सुरुवात इथेच होते. ते साधं चित्र आहे हे खेळाडूच्या मनात आधी ठसायला हवं. खेळाडूला दोन-तीनदा चित्रासमोरून मुकाट जाऊ द्या. 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल' या भयपट-धाटणीच्या गेममधल्या हवेलीत चित्रं अवाक्षरही बोलत नाहीत, पण चित्रांखालच्या बटणांचा क्रम चुकला की वर बसलेले कावळे अंगावर येतात. त्या दालनात आपण जपूनच पाऊल टाकतो.

डोळ्यांच्या बाबतीत फार जण चुकतात. वेगळी बुबुळं बनवून ती सतत खेळाडूकडे वळवतात. त्याची गरजच नसते. सपाट चित्रातली नजर समोर रंगवलेली असली, की खोलीत कुठेही उभे राहा, ती आपल्यावरच खिळल्यासारखी वाटते. बुबुळं जरूर हलवा, पण एकदाच: नजर खेळाडूवरून सरकून त्याच्या मागच्या दाराकडे जाते, तेव्हा. अख्खा चेहराच वळल्यासारखा हवा असेल, तर तो आत खोलगट घडवा. डिस्नीलँडमध्ये 1969 साली सुरू झालेल्या 'हाँटेड मॅन्शन'मधल्या अर्धपुतळ्यांची हीच करामत आहे.

खेळाडूची पाठ वळल्यावर चित्र बदलायचं असेल, तर युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक गोष्ट हमखास छळते. 'इझ व्हिजिबल' (वस्तू कॅमेऱ्याला दिसतेय का हे सांगणारा गुणधर्म) तपासून कोड लिहिता आणि एडिटरमध्ये चित्र कधी बदलतच नाही. कारण सीन व्ह्यूचा, म्हणजे एडिटरमधल्या दृश्य मांडायच्या खिडकीचा, कॅमेराही 'पाहणारा' म्हणून मोजला जातो. शिवाय चित्र भिंतीआड असलं, तरी कॅमेऱ्याच्या टप्प्यात असल्यास ते 'दिसतंय' असंच उत्तर येऊ शकतं. म्हणून खेळाडूच्या कॅमेऱ्याची दिशा स्वतः तपासा आणि चित्रापर्यंत एक रेकास्टही (वाटेत भिंत येते का हे तपासणारी अदृश्य रेघ) टाका. कॅनव्हास भिंतीला अगदी चिकटून लुकलुकत असेल, तर तो जरासा पुढे ओढा.

आवाज सगळ्या घरात सारखाच ऐकू येतोय? युनिटीत 'स्पेशियल ब्लेंड' मुळात शून्य असतो, म्हणजे आवाजाला जागाच नसते. तो 1 करा. 'व्हॉल्यूम रोलऑफ' (अंतरानुसार आवाज कमी होण्याची पद्धत) 'लिनिअर' करा आणि 'मॅक्स डिस्टन्स' मुळात 500 असतो, तो खोलीच्या मापाचा करा, म्हणजे त्यापलीकडे आवाज पोचणार नाही. आवाजाची फाइल मोनो (एकाच चॅनेलची) ठेवा. आवाज दबलेला येत असेल, तर त्याचा उगम भिंतीच्या आत गेला आहे का ते बघा. अडथळ्यामागचा आवाज मंद करणारी व्यवस्था लावली असेल, तर ती तुमचंच चित्र गप्प करते. उगम फ्रेमच्या थोडा पुढे आणा.

खेळाडू उंबऱ्यावर घुटमळला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, तेव्हा भीती तिथेच संपते. वाक्य एकदा बोलून झाल्याची नोंद ठेवा आणि ती सेव्ह फाइलमध्येही जाऊ द्या. सबटायटलमध्ये बोलणाऱ्याचं नाव आधीच दाखवू नका. कोण बोलतंय हे खेळाडूला स्वतः शोधू द्या.

आता संवाद, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. चित्राला गेमचा मदतनीस बनवून 'किल्ली तळघरात आहे' असं म्हणायला लावू नका. चित्रातल्या बाईला ती रंगवली गेली त्या दिवसापर्यंतचंच ठाऊक असावं, आणि त्यानंतर समोरच्या भिंतीपर्यंत जेवढं दिसलं तेवढंच. आपण मेलो आहोत हे तिला माहीत नसतं. ती एवढंच विचारेल, की चित्रकार रंग आणायला गेला तो अजून परत का नाही आला?